फ्लाइंग स्कूल बघायला गेलात तर आधी हँगर दाखवा म्हणा

धाकटी लेक पायलट व्हायला निघाली आणि आम्ही दोन फ्लाइंग स्कूल पैसे भरून अनुभवली. पहिल्या ठिकाणी आठ महिन्यांत तिचं ३८ तास उड्डाण झालं. दुसऱ्या ठिकाणी नऊ महिन्यांत ११५ तास झाले. फी दोन्हीकडे जवळपास सारखीच, विमानं त्याच जातीची, नियम तर सगळ्यांना डीजीसीएचेच, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे. मग एवढा फरक कशानं पडला, ते सविस्तर लिहितोय. आता तालुक्यातालुक्यातून मुलं-मुली या वाटेला लागली आहेत आणि त्यांच्यासाठी आमच्यासारखी घरं जमीन तारण ठेवतायत.

दोन्ही संस्थांची नावं लिहीत नाही. पहिलीशी पैशांचा हिशेब अजून मिटायचाय. आणि दुसरीचं नाव टाकलं तर लोक काही न बघता तिथं जाऊन चेक फाडतील, तेही मला नको. एक चांगला इंजिनिअर सोडून गेला की वर्षभरात तीच संस्था वेगळी होते. म्हणून काय बघायचं आणि काय विचारायचं, तेवढं घ्या.

मी ३४ वर्षं एसटीत होतो. त्यातली शेवटची ११ दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत, इंजिनांवर. गाडी रस्त्यावर का आहे आणि का नाही, हे बघण्यात आयुष्य गेलं. तरीसुद्धा पहिल्या वेळी मी हँगरात, म्हणजे विमानं ठेवायच्या आणि दुरुस्त करायच्या शेडमध्ये, गेलो नाही, ही चूक माझी. आम्हाला एसी ऑफिसात बसवलं, सिम्युलेटर दाखवला, बाहेर उन्हात चकचकीत पुसून ठेवलेल्या एका छोट्या सेसना विमानाशेजारी लेकीचा फोटो काढला. हँगरचं विचारलं तर मॅनेजर म्हणाले, "काका, तिकडे सेफ्टीमुळे पालकांना सोडत नाही." मला ते पटलं. आमच्या कार्यशाळेतही बाहेरच्या माणसाला पिटाजवळ फिरकू देत नाहीत. मी मान डोलावली आणि फीच्या साठ टक्के रक्कम एका दमात भरली.

चार महिन्यांनी लेकीचा आवाज फोनवर बारीक झाला. रोज संध्याकाळी ती मला फक्त त्या दिवशीच्या उड्डाणाचा वेळ पाठवायची, तास आणि मिनिटं. ०:५०, १:१०, असं. त्या महिन्यात २६ दिवस "आज नाही" एवढंच आलं. मी एसटी पकडून गेलो आणि या वेळी कुणाला न विचारता सरळ मागच्या बाजूनं हँगरात शिरलो.

कागदावर सहा विमानं होती. हँगरात त्यातली तीन उभी. एकाचं इंजिन उतरवलेलं, नुसती माउंटिंगची चौकट बाहेर. दुसऱ्याचा पुढचा फिरता पंखा, म्हणजे प्रोपेलर, काढून चाललेल्या विमानाला लावला होता, हे तिथल्या पोरानंच सांगितलं. एसटीतही आम्ही एका गाडीचा भाग काढून दुसरीला लावायचो, नाही असं नाही, पण त्या गाडीला आम्ही चालू म्हणून मोजत नव्हतो. तिसऱ्या विमानाच्या पंखाखाली हवेचा वेग मोजणारी नळी असते, तिला पिटो ट्यूब म्हणतात. उभ्या विमानाच्या त्या नळीला कव्हर घालून ठेवायचं असतं. इथं कव्हर नव्हतं, आणि नळीच्या तोंडाला कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. चांगलं वाळून टणक झालेलं. मी नखानं खरवडून बघितलं. ते घर दोन-चार दिवसांचं नव्हतं. अशी नळी बुजलेल्या विमानानं उड्डाण केलं तर काटा खोटा वेग दाखवतो, आणि उतरताना वेग खोटा दिसला तर काय होतं हे लेकीनं मला नंतर समजावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

परत येताना गाडीत मी एका तिकिटाच्या मागे हिशेब मांडला. हाच हिशेब प्रत्येक आई-बापानं पैसे भरायच्या आधी मांडायला हवा. चालू विमानं तीन. एक विमान दिवसाला फार तर पाच तास उडणार. महिन्यात उडण्यालायक दिवस पंचवीस धरले तर झाले ३७५ तास. मुलं होती सत्तर. म्हणजे डोक्यामागे महिन्याला सव्वापाच तास. कमर्शियल पायलट लायसन्सला लागतात एकूण २०० तास. भागून बघा, तीन वर्षांच्या वर जातं. आणि यात पावसाळा धरलेलाच नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग खाली येतात, दृश्यमानता पडते आणि शिकाऊ मुलांची विमानं आठवडा-आठवडा जागची हलत नाहीत. तिथं "१४ महिन्यांत लायसन्स" असं फ्लेक्सवर लिहिलं होतं.

इन्स्ट्रक्टरचं गणित तर मी धरलंच नव्हतं. विमान आहे पण शिकवणारा रजेवर, असंही व्हायचं. सुरुवातीचं उड्डाण इन्स्ट्रक्टर शेजारी असल्याशिवाय होतच नाही. एकटीनं उडायलाही त्यांची परवानगी आणि सही लागते. सत्तर मुलांना तिथे तेव्हा तीन इन्स्ट्रक्टर होते.

आठ महिन्यांनी आम्ही निघायचं ठरवलं. निघणंही सोपं नव्हतं. झालेले ३८ तास दुसरीकडे धरले जायचे तर लॉगबुकावर मुख्य इन्स्ट्रक्टरची सही हवी, ट्रेनिंगचं रेकॉर्ड हवं. त्यासाठी सहा आठवडे हेलपाटे झाले. उरलेले पैसे मागितले तेव्हा उडालेल्या तासांचा दर वाढवून लावला. फॉर्मच्या मागच्या पानावर तसं बारीक अक्षरात छापलेलं होतं आणि खाली माझीच सही होती. म्हणून सांगतो, मागचं पान वाचा. एकरकमी भरू नका. जेवढं उड्डाण होईल तेवढे पैसे, किंवा दहा-वीस तासांच्या टप्प्यानं पैसे, असं जिथं घेतात तिथंच जा. मुलगी मध्येच सोडून गेली तर तासाचा दर कोणता लावणार, हे लेखी घ्या. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. आमचा गावाकडचा प्लॉट तिच्याकडे आहे. त्यामुळे प्रत्येक न उडालेला दिवस मला व्याजासकट दिसत होता.

दुसरी संस्था शोधताना मी घाई केली नाही. डीजीसीएच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, ती काढली. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीएनं या संस्थांना दर्जा देणंही सुरू केलंय, ए प्लस प्लस ते सी असा. पहिल्या यादीत सगळ्यात वरच्या ए प्लस प्लसमध्ये एकही संस्था नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवून बाकीच्या जाहिराती वाचाव्यात. महाराष्ट्रात पर्याय तसे बरे आहेत. गोंदियाला बिरसीच्या विमानतळावर मोठी संस्था आहे, बारामतीला आहेत, शिरपूरला आहे, नागपूरचा जुना फ्लाइंग क्लब आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब तर १९२८ पासूनचा. जेआरडी टाटांनी तिथंच शिकून १० फेब्रुवारी १९२९ ला देशातलं पहिलं लायसन्स घेतलं. आज त्या क्लबाचं उड्डाण धुळ्याला चालतं. राज्याबाहेर रायबरेलीजवळ फुरसतगंजची सरकारी अकादमी आहे, तिला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. परदेशाचंही बघितलं होतं. पण तिकडचं लायसन्स इथं आणून पुन्हा परीक्षा आणि चाचण्या द्याव्या लागतात, शिवाय लेक तेव्हा एकोणीसची. तो विचार आम्ही सोडला.

यातल्या चार ठिकाणी मी स्वतः जाऊन आलो. प्रत्येक ठिकाणी पहिलं वाक्य एकच, "आधी हँगर दाखवा." दोन ठिकाणी नाही म्हणाले. तिथून मी पाणीही न घेता निघालो. तिसऱ्या ठिकाणी दाखवलं, पण चालू विमानं किती याला तीन माणसांनी तीन उत्तरं दिली.

चौथ्या ठिकाणी हँगरात एक वयस्कर इंजिनिअर होते, विमान देखभालीचं लायसन्स असलेले, त्यांना एएमई म्हणतात. शंभर तासांची तपासणी चालू होती. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठं होता?" म्हटलं, "एसटीत, दापोडीला." म्हणाले, "मग या, इथं उभं राहून काय बघताय, जवळ या." त्यांनी नुकताच इंजिनचा ऑइल फिल्टर काढला होता. तो कटरनं गोल कापला, आतला घड्यांचा कागद सोडवून पांढऱ्या फडक्यावर लांब पसरला आणि बॅटरीच्या उजेडात एकेक घडी उघडून बघत गेले. इंजिनच्या आत काही झिजत असेल तर लोखंडाची कणी त्या घड्यांत अडकून चमकते. मलाही बघायला लावलं. काही नव्हतं, नुसतं काळं तेल. मग चुंबक फिरवलं. मग वहीत नोंद केली, वेळ टाकली, सही केली. घाई कुठंही नाही. बाहेर दोन मुलं त्याच विमानाची वाट बघत बसली होती आणि ऑफिसातून एकदा फोन येऊन गेला, तरी त्यांनी फडकं गुंडाळलं नाही. मी मनात म्हटलं, पैसे इथं भरायचे.

तरी हिशेब मांडलाच. चालू विमानं पाच, मुलं अठ्ठावीस, इन्स्ट्रक्टर सहा. दिवसाला विमानामागे चार तास आणि चोवीस दिवस धरले तरी डोक्यामागे सतरा तास पडतात. बोर्डावर खडूनं रोजचा उड्डाणाचा तक्ता होता. कोण, कोणतं विमान, किती वाजता, आणि रद्द झालं तर का. मी गेल्या महिन्याचे तक्ते मागितले, त्यांनी रजिस्टर पुढं केलं. विमानाच्या नोंदणीचे क्रमांक, व्हीटी लिहून पुढची तीन अक्षरं, मी टिपून घेतले. दोन महिन्यांनी परत गेलो तेव्हा तीच पाच विमानं त्या बोर्डावर होती. मग पैसे भरले, तेही पंधरा तासांचे.

आता लेकीच्या शिकण्याबद्दल. पहिल्या आठवड्यातच तिनं सांगितलं की इथं विमानाभोवती फिरून तपासणी करायला वीस मिनिटं देतात, आणि घाईनं उरकलं तर पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात. मी एकदा कुंपणाच्या अलीकडून बघितलं. नव्या सेसना १७२ ला इंधनाचा नमुना काढायच्या तेरा जागा असतात. ती पारदर्शक भांडं घेऊन एकेका जागी वाकत होती. विमानाचं हे पेट्रोल निळसर असतं, अ‍ॅव्हगॅस म्हणतात. पाणी त्याहून जड, ते तळाला बसतं. एका नमुन्यात तळाशी मोहरीएवढा थेंब हलत होता. तिनं भांडं आकाशाकडं धरून इन्स्ट्रक्टर मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता काय करणार?" ती म्हणाली, "थेंब दिसायचा बंद होईपर्यंत काढत राहणार." चौथ्या वेळी स्वच्छ आलं. मग दोघी चढल्या. आदल्या रात्री पाऊस झाला होता. टाकीच्या झाकणाचं रबर त्याच दुपारी बदललं, हे मला त्या एएमई साहेबांकडून कळलं.

इथं उड्डाण रद्द झालं की कारण कळतं. लेकीचा मेसेज यायचा, "आज नाही. वारा." सेसना १७२ ची आडव्या वाऱ्यात उतरण्याची कसोटी १५ नॉट्सपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर वाऱ्यापर्यंत, झालेली आहे, पण शिकणाऱ्या मुलांना इथं त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबवतात. मे महिन्यात सकाळी अकरानंतर उडवत नाहीत. हवा तापून विरळ होते, विमानाला धावपट्टी जास्त लागते आणि ते चढतंही हळू. मग पहाटे साडेपाचला मुलं लाईनवर. अशा "आज नाही" चा मला कधी राग आला नाही.

बिलात लावायचा वेळ कसा मोजतात तेही तपासा. उड्डाणाचा वेळ विमान उडायच्या इराद्यानं जागचं हलल्यापासून परत येऊन थांबेपर्यंत धरतात. विमानात इंजिनच्या वेळेचं मीटर असतं. मी लेकीला सांगितलं, आपल्या गाडीचं रीडिंग घेतो तसं चढताना-उतरताना मीटरचा फोटो काढायचा आणि महिन्याअखेर बिलाशी ताडायचा. दुसऱ्या संस्थेत आजवर एकदाच दहा मिनिटांचा फरक निघाला, तोही त्यांनी लगेच दुरुस्त केला.

उणिवा इथंही आहेत. होस्टेल धावपट्टीपासून नऊ किलोमीटर लांब, आणि पहाटेची व्हॅन दोनदा आलीच नाही. मेसमध्ये भाजीत तेल तरंगतं. सिम्युलेटर अडीच महिने बंद होता, त्यामुळं इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगचे, म्हणजे बाहेर न बघता नुसत्या काट्यांवर उडवण्याचे, काही तास रखडले. फीमध्ये काय नाही ते सुरुवातीला नीट सांगितलं नाही. चाचणीचं वेगळं, हेडसेट वेगळा, युनिफॉर्म वेगळा, असं करत सव्वादोन लाख वर गेले. दिल्ली-मुंबईचे येण्याजाण्याचे खर्च त्यात धरले नाहीत. आणि ऑफिसातला फोन सहसा उचलत नाहीत. मी हँगरात फोन करतो.

दोन गोष्टी संस्थेत जायच्या आधीच उरकून घ्या, म्हणजे संस्था चांगली मिळाली तर तिचा फायदा होतो. एक, मेडिकल, म्हणजे पायलटची वैद्यकीय तपासणी. आधी प्राथमिक क्लास टू आणि लगेच त्याहून कडक क्लास वन. आमच्या गल्लीतल्या एका मुलानं फी भरली आणि मग रंगदृष्टीच्या तपासणीत अडकला. दुसरं, लेखी परीक्षा. नेव्हिगेशन, हवामान, नियम, तांत्रिक, सगळ्यांना ७० टक्के लागतात. लेकीनं पहिल्या तीन पुण्यात राहून आधीच काढल्या होत्या. पहिल्या संस्थेत तिच्या खोलीतली मुलगी परीक्षेला सुटी घ्यायची, परत आली की तिचा नंबर रांगेच्या शेवटी. आरटीआर, म्हणजे विमानातला रेडिओ वापरायच्या परवान्याची परीक्षा, मात्र लेकीचीही राहिली होती, ती उड्डाण चालू असताना दिली आणि त्यात तीन आठवडे गेले.

तिनं ३०० नॉटिकल मैलांचं, म्हणजे ५५५ किलोमीटरचं एकटीचं उड्डाण गेल्या महिन्यात केलं. वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं असतं. त्या दिवशी मी फोन हातातून खाली ठेवला नाही. संध्याकाळी तिचा फोन आला तर पहिलं मी विचारलं, "इंजिनचं ऑइल प्रेशर कसं होतं?" ती म्हणाली, "बाबा, काटा हिरव्या पट्ट्यात. सगळ्या वेळ हिरव्यात." तेव्हा कुठं आम्ही जेवायला बसलो.

आता रात्रीचं उड्डाण चालू आहे. विमानाची प्रमुख म्हणून रात्रीचे पाच तास लागतात, त्यात दहा वेळा चढणं आणि उतरणं. हे तास मिळायला इथंही वेळ लागतोय, रात्री मोजकेच दिवस उडवतात. परवा साडेनऊला मेसेज आला. "१:०५. रात्रीचं. एकटी." मी "छान" लिहीत होतो तेवढ्यात दुसरा आला. "वरून एसटी आगार ओळखता आलं. दिवे सगळे एका रांगेत होते, गाड्या धुवायला लावल्या होत्या वाटतं."